दोन माणसांचं टोकन

कोपर (पश्चिम),
मंगळवार, ९ डिसेंबर

अद्द्या,

'मजेत असशील' असं लिहिलेलं, मग खोडलं. बरा असशील. शुभदाकाकूंना माझा नमस्कार सांग. त्र्यंबककाकांना सांगू नकोस. म्हणजे नमस्कारही नको आणि पत्र आलंय हेही नको.

हे पत्र तुला काळुराममामांनी दिलं असेल, तुमच्या गेटवरचे. मी त्यांना बजावलंय की पेटीत टाकू नका, हातात द्या. ते म्हणाले, "तुम्ही आजकालची पोरं, फोन करा की सरळ." आता त्यांना काय सांगणार, तू नंबर बदललास ते. मला ते दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर मला वाटायचं तुमच्याकडे रेंज नसेल.

आमचं बरं चाललंय. बाळकुम गावातली खोली सोडल्यापासून इथे खाडीच्या बाजूला राहतो. आई पोळीभाजी केंद्र चालवते. तुमच्याकडे पोळ्या करायला यायची तेव्हापेक्षा खूश आहे, कारण आता कोणी पोळी मोजून मागत नाही. (काकू मागायच्या नाहीत, बी विंगमधल्या मागायच्या.) मी सध्या एका एलईडी स्क्रीनवाल्याच्या टेंपोवर आहे. लग्न, उद्घाटन, गरबा, जिथे स्क्रीन लागेल तिथे जायचं, उभा करायचा, रात्री उतरवायचा. त्याआधी भिवंडीत गोडाऊनला होतो, त्याआधी चार महिने लातूरला मंडपवाल्याकडे. लातूरला खरं तर जायचं नव्हतं. हैदराबादला निघालेलो, मधे चहाला उतरलो तर एका माणसाच्या पिंजऱ्यात दोन लव्हबर्ड होते, त्याच्याशी बोलता बोलता गाडी सुटली. तो मंडपवाला निघाला. ते राहू दे.

मुद्दा हा की येत्या रविवारी घोडबंदर रोडच्या मोठ्या हॉलमध्ये रेसलिंगचं फॅन कन्व्हेन्शन आहे. आणि कोण येतोय माहितीये? रेक्स मॅडॉक! आपला रेक्स. ठाण्यात! तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तो रिंगमध्ये यायचा तेव्हा तू सोफ्यावर उभा राहायचास आणि काकू चिवड्याची ताटली आणून म्हणायच्या, "मारामारी बघताना तरी हात धुवा रे." आता तो पन्नाशीचा झालाय, गुडघे गेलेत म्हणे, पण दंड तेच.

तुला सांगायचं राहिलं, मी गेली काही वर्षं सह्या गोळा करतो. हैदराबाद, बंगळूर, दिल्लीला दोनदा. एकेचाळीस सह्या आहेत वहीत आणि सगळ्या तुझ्या नावावर घेतल्यात. ते विचारतात ना, कोणाच्या नावाने लिहू, तेव्हा मी तुझं नाव सांगतो. आई म्हणते, "ती माणसं तुला ओळखतात का?" मी म्हटलं, नाही. "मग परत परत कशाला जातोस, ओळख होईपर्यंत?"

फोटोसाठी तिथे टोकन असतं. एका माणसाचं नाहीतर दोन माणसांचं. मी दोन माणसांचं घेतलंय. गेट नंबर दोन, सकाळी दहा. मी परवा स्क्रीन टाकायला गेलेलो तेव्हा सगळं बघून आलो. पुढे पायऱ्या आहेत पण मागून उतार आहे, ट्रॉली जाते तो. लिफ्ट मोठी आहे. बसायला खुर्च्या पण देतात, मागितल्या तर. हे असंच सांगतोय.

आपली खूण आठवते का रे? रेसलर लोक एकमेकांना लॉक लावताना हळूच कुजबुजतात, तसं आपण हाताने करायचो. उचलायच्या आधी मनगट धरायचं. एकदा दाबलं की चालू, दोनदा दाबलं की थांब. तुझीच आयडिया. कोणाला कळायचं नाही. बिल्डिंगच्या पोरांना वाटायचं आपण खरंच एकमेकांना मारतोय.

गच्चीवर तू पडलास त्या दिवसाचं मला तुला काहीतरी सांगायचंय. पत्रात नको. लाईनीत तीन-चार तास असतात, तेव्हा सांगेन. त्यासाठी तरी ये.

गेटवर वाट बघणारा,
सुशांत


कोपर,
सोमवार, १५ डिसेंबर

अद्वय,

तू आला नाहीस, त्याचा राग नाही. हे खरं आहे, बोलायला म्हणून नाही. मी पावणेबारापर्यंत गेटवर थांबलो. प्रत्येक रिक्षात वाकून बघत होतो, तर एका बाईला वाटलं मी हॉलचा माणूस आहे, तिने माझ्या हातात सामानाची पिशवीच दिली. मी पण नेऊन दिली आत.

काळुराममामांना विचारलं, पत्र दिलंत ना? म्हणाले, गुरुवारीच दिलं, हातात. मी विचारलं, वाचलं का त्याने? बसून वाचलं की उभं राहून? तर म्हणतात, "मी काय बघत नाय बसलो. पण घेताना डाव्या हातानं घेत होता, पडलं, मग उजव्यानं उचललं." एवढंच सांगितलं त्यांनी. मी हे उगाच विचारलं.

तर कन्व्हेन्शन. गर्दी तुफान. पट्टे कमरेला लावून चाळिशीतले बापे आलेले, तोंडाला रंग लावलेली कॉलेजची पोरं. आमचा एक ग्रुप आहे लाईनीतला, प्रत्येक शहरात तीच तोंडं भेटतात. त्यात कल्याणची ऐश्वर्या आहे, बँकेत आहे ती, आणि सुट्टी काढून सह्या घेत फिरते. तिने लांबूनच हाक मारली, "अद्वय! अरे तुझा नंबर गेला, कुठे उलथलास?"

हो. तिला वाटतं मी अद्वय आहे. सगळ्यांना तेच वाटतं.

त्याचं असं झालं की पहिल्यांदा हैदराबादला काउंटरवरच्या मुलीने विचारलं, वहीवर काय लिहायचं, मी तुझं नाव सांगितलं. तिने तेच माझ्या छातीवर चिकटवलं. मी काढलं नाही. दिवसभर सगळे अद्वय, अद्वय म्हणत होते आणि बरं वाटत होतं. कन्व्हेन्शनचे दोन दिवस कोणी सुशांतला हाक मारणार नव्हतं. मग पुढच्या वेळी पण तेच केलं. ऐश्वर्याने एकदा विचारलेलं, "तू कुठला?" मी बाळकुम म्हटलं. "घरी कोण कोण?" आईबाबा, बाबा त्र्यंबक, आई शुभदा. हे तोंडातून कसं गेलं कळलंच नाही. आता ती दिवाळीला मेसेज करते, काकूंना नमस्कार सांग म्हणून. काकू म्हणजे तुझी आई. मी हसलोय पण त्यावर आणि एकदा बंगळूरच्या स्टेशनवर रडलोय पण.

रेक्सच्या फोटोला दोन वाजता नंबर लागला. तिथे एक मुलगी टोकन बघून ओरडते, "टू पर्सन!" मग रेक्स तसा उभा राहतो. मी एकटाच पडद्यासमोर गेलो. ती म्हणाली, "दुसरा किधर है?" मी म्हटलं, आ रहा है. ती म्हणाली, थांबायला वेळ नाही, मागे दोनशे लोक आहेत. रेक्सला कोणी काही सांगितलंच नाही. त्याने सवयीने दोन्ही हात पसरले, एक माझ्या खांद्यावर टाकला, आणि क्लिक. फोटो सोबत ठेवलाय, बघ. त्याचा डावा हात कोणाच्याच खांद्यावर नाही. हवेत आहे. आणि तो हसतोय इतका झकास.

पण मला सांगायचंय ते शेकहँडचं. एवढा मोठा माणूस, माझ्या मांडीएवढा त्याचा दंड, आणि हात कसा दिला? मेलेल्या माशासारखा. नुसता टेकवला. मी घट्ट धरला तर त्याने चमकून बघितलं. दोन सेकंद. मला इतकं वाईट वाटलं ना, म्हटलं, सहा वर्षं फिरतोय याच्यासाठी आणि हा हातही नीट देत नाही.

मग मी बाहेर जायचं सोडून फिरत बसलो. एका कोपऱ्यात टेबल, लाईन नाही, काही नाही. मागे बॅनरवर लिहिलेलं, 'नागीण'. तुला आठवते का? आपल्या इथला एक टीव्ही शो होता रेसलिंगचा, एकाच सीझनमध्ये बंद पडला. त्यात हिरवा मुखवटा घालून यायची ती. तू म्हणायचास, हिचा फणा पापडासारखा आहे. ती! आता पन्नासच्या पुढे असेल, नऊवारी नाही पण साधी कॉटनची साडी, आणि टेबलावर स्वतःच्या फोटोंच्या शेजारी डबा उघडून भाकरी आणि सुकट खात होती. बाजूच्या टेबलावरचा दिल्लीवाला नाक दाबून बसलेला. तिचं नाव रंभा. कल्याणजवळच्या गावातली, बोलते अगदी बाळकुमच्या जुन्या म्हाताऱ्यांसारखी. मला ऐकूनच बसावंसं वाटलं.

"बस," म्हणाली. "सकालपासून चार मानसं आली, त्यातली दोन संडास कुठं म्हनून इचारायला."

तिने हात पुढे केला. तोच. मेलेला मासा. मी पुन्हा घट्ट धरला.

"काय रं, एवरा घट कशाला धरतंस? भाकरी खायची हाय ना मना त्या हातान."

मी म्हटलं, "मावशी, रागावू नका. पण तुम्ही सगळे असा हात का देता? तो आतला रेक्स पण. आम्ही एवढ्या लांबून येतो आणि तुम्ही हातपण नीट धरत नाही."

तर ती हसली, ठसका लागला, पाणी प्यायली. मग म्हणाली, "आमच्यान हात असाच देतान. हलका. रिंगमदी जायच्या आदी समोरचा तुजा हात बगतं. हलका आसंल तं त्याला कलतं, का ह्या मानसाच्या हातान माजी मान सुखरूप हाय. उलटा टांगलेला आसतंस ना तू, मंग तुजी मान तुजी नसतं रं. ज्यान उचललं त्याची आसतं. जो हात आवलून धरतं, त्याच्यासंगती मी कंदी उतरली नाय."

तिने वही ओढली, म्हणाली, "अद्वय ना तू? त्या पोरीन हाक मारली मगाशी." आणि पेन टेकवलं. अद्द्या, एक उभी रेघ काढली तिने आणि मी वही खेचली. पानावर शाई ओढली गेली.

मी म्हटलं, "मी अद्वय नाही."

"मंग कोन?"

"सुशांत. अद्वय माझा दोस्त आहे. मी त्याला पाडला."

तिने भाकरी खाली ठेवली. "खेलात?"

"खेळात. आमच्या गच्चीवर."

"त्यान खून दिलेली?"

तिने खुणेचं हे सहज विचारलं, जसं आपण विचारतो की छत्री घेतलेलीस ना. गेली साडेसहा वर्षं हे मला कोणी विचारलं नाही. पोलिसांना बोलावलंच नाही म्हणून त्यांनी नाही, काकांनी नाही, आईने नाही. तू पण नाही.

मी तिला काय सांगितलं ते लिहिणार होतो. पण टेंपोवाल्याचा फोन आलाय, कल्याणला एका हळदीला स्क्रीन लावायचाय, आणि हे पान पण संपलंय. दुसरं पान घेता आलं असतं, मला माहितीये.

सुशांत


कोपर,
बुधवार, १७ डिसेंबर

अद्वय,

इकडची खुशाली वगैरे आज लिहीत नाही. आधी तेच लिहितो.

तू दोनदा दाबलंस.

मला कळलेलं.

माझा पाय सरकला नव्हता. तसं मी सगळ्यांना सांगितलं, तुझ्या आईला तर हाताला धरून सांगितलं. खोटं होतं. मे महिन्याची संध्याकाळ, सी विंगची गच्ची, तुमच्या घरातल्या दोन गाद्या. मी तुला उलटा उचलला, तुझा हात माझ्या मनगटावर होता. वाऱ्याने म्हण किंवा पोरांच्या पायाने म्हण, एक गादी सरकलेली. मला दिसली नाही, तुला उलट्यातून दिसली असणार. आणि तू दाबलंस. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा जोरात दाबलंस, नख लागलं.

तुला हळूच खाली ठेवता आलं असतं. वेळ होता. तेवढा होता.

पण पोरं मोबाईल वर करून ओरडत होती, "सुशांत! सुशांत!" तुमच्या सोसायटीत माझं नाव असं कोणी घेतलं नव्हतं कधी. मी पोळीवाल्या मालनबाईंचा मुलगा होतो, नाहीतर अद्वयचा मित्र. त्या दिवशी पहिल्यांदा तुला सोडून माझ्या नावाने ओरडत होते. मला वाटलं, अजून दोन सेकंद. मग टाकला मी तुला.

रंभामावशीला मी एवढंच सांगितलं की हो, दिलेली खूण. मला वाटलं आता म्हणेल, लहान होतास, होतं असं. तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "मना सांगून काय? मी कोन तुजी? ज्याची मान त्याला सांग." मग सुकटीचा डबा माझ्याकडे सरकवला. मी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आता जे मला सगळ्यात जड जातंय ते. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या आधी काका तुझ्याशी बोलत होते आणि मी दाराबाहेर उभा होतो. तू म्हणालास, "बाबा, सुशांतचं काही नाही. मी खूण द्यायला उशीर केला बहुतेक. दिली की नाही तेच आठवत नाही." मी ते ऐकलं. आत येऊन बोलायला पाच पावलं होती. मी खाली जाऊन उसाचा रस प्यायलो. खरंच. का प्यायलो माहीत नाही, गाडी दिसली म्हणून.

नंतर काका बाहेर येऊन मला म्हणाले, "तुझी चूक नाही असं तो म्हणतो, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. तरी यापुढे तू येऊ नकोस. मला तुला बघवत नाही." मी मान हलवली. लोकांना वाटलं बिचारा. मला आतून सुटल्यासारखं वाटलं, तेही लिहितो, राहायला नको.

म्हणजे साडेसहा वर्षं तुला वाटत असेल की तुझं काहीतरी चुकलं. उशीर झाला, हात चालला नाही, आठवत नाही. तुझं काही चुकलं नाही, अद्वय. वेळेवर दाबलंस. दोनदा, बरोबर. आपली खूण चालली होती. फक्त मी ऐकलं नाही.

हे मी लाईनीत सांगणार होतो म्हणालो, पण आता वाटतं, तिथेही रेक्स आला की विषय बदलला असता मी. गर्दीत मला फार सोपं जातं.

पत्रासोबत वही पाठवतोय. एकेचाळीस सह्या तुझ्या नावाच्या आहेत, तुझ्या आहेत. ठेव नाहीतर रद्दीत दे. शेवटचं एक पान त्यातून मी फाडून घेतलंय. त्यावर आधी ती ओढलेली रेघ आहे आणि खाली रंभामावशीने मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'सुशांतला'. माझ्या नावाची तेवढी एकच.

काल ऐश्वर्याला पण मेसेज केला की माझं नाव हे नाही. तिने अजून उत्तर दिलं नाही, निळ्या टिक आल्यात, म्हणजे वाचलाय.

हे काकांना दाखवलंस तरी चालेल. दाखवच खरं तर. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवून मला सोडलं होतं. आता त्यांना जे करायचं ते करू देत, मी कोपरलाच आहे, पत्ता मागे लिहिलाय. यावेळी कुठे मधे उतरणार नाही.

तू उत्तर दे असं म्हणत नाही. गेटवर पण येणार नाही. वही तेवढी काळुराममामांना सांगितलंय की वर घरापर्यंत नेऊन द्या, जड आहे, त्याला उचलायला लावू नका.

हलक्या हाताने,
सुशांत